आवाज बंद करून

नाव आम्हाला कधी धड म्हणता आलं नाही.
त्यात एक अक्षर होतं, ना ळ, ना र,
जीभ मागे दुमडून तेन्मोळी ते सोडायची
आणि आई म्हणायची, जाऊ दे गं, ईरोडची म्हणू.
तर रात्री नऊला ईरोडची लागायची.

विडी घरकुलात आमच्या मागच्या खोलीत
भाड्यानं राहायची ती. नवरा अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर,
नखं कधी निळी, कधी डाळिंबी.
टीव्ही तिचा, डिश तिची, सतरंजी आमची.
सुपं मांडीवर घेऊन बायका बसायच्या,
माझी आई राजव्वा, कोंड्यालांची थोरली,
आणि रेश्मा बी, जिला तेलुगूसुद्धा येत नव्हतं
तरी सगळ्यांच्या आधी रडायची.

तमिळ आम्हाला दहात दोन शब्द.
अम्मा कळायचं. पो कळायचं.
पो म्हणजे जा, तेलुगूतही जाच.
मधलं सगळं तेन्मोळी भरायची
तिच्या मराठीत, जिथे सासू आला
आणि सासरा रागावली.

"वडिवू बोलतो, भांडी मी नाही घासणार."
पडद्यावर वडिवू डोळे पुसत भांडीच घासत असायची.
"मग घासते कशाला?"
"घासताना बोलतो."
हे पटायचं. घासताना आम्हीही बोलायचोच.

पान, जर्दा, वळ, दोरा.
आईची बोटं कधी थांबली नाहीत,
फक्त वडिवूच्या नवऱ्यानं हात उगारला
त्या रात्रीच्या विड्या ढिल्या निघाल्या,
सकाळी मुनीमानं दीडशे छाटात काढल्या.
तेन्मोळी म्हणाली होती, वडिवूनं धरला तो हात,
वरच्या वर.
आम्ही पाहिलं ते तसं नव्हतं बहुतेक.
पण आमचं लक्ष विडीत, कोण शपथ घेणार.
तिच्या कानामागे तेव्हा काहीतरी निळं होतं.
रंग असेल म्हटलं.

मग तो उंबरठ्याचा भाग.
सासू दारात, वडिवू दारात,
ढोल, वीज, तीनतीनदा तोच चेहरा,
आणि पो, पो, पो.
"कोण म्हणतंय पो?" आईनं विचारलं.
तेन्मोळी बराच वेळ गप्प. जाहिरात आली, साबणाची, गेली.
"वडिवू," ती म्हणाली. "स्वतःला बोलतो.
जा बोलतो. शिलाई मशीन घे, जा."
"बरं झालं बाई," आई म्हणाली.
रेश्मा बी नेहमीप्रमाणे.

त्याच उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं.
रंगमास्तर इचलकरंजीला गेला म्हणे.
टेम्पोत टीव्ही चढताना मी पाहिला, गोधडीत गुंडाळलेला.
ती पुढे बसली होती, की आधीच कुठे गेली होती,
मला आठवत नाही.
आईला विचारावं तर ती विड्या मोजायला लागते
आणि मोजताना बोलत नसतात.

गेल्या वर्षी तीच मालिका तेलुगूत आली.
आता शब्द न् शब्द कळतो.
आई चष्मा पुसून पुढे बसली.
उंबरठा आला. पो म्हणाली ती सासू.
वडिवूनं तिचे पाय धरले,
कुठं जाऊ म्हणाली, चुकले म्हणाली,
आणि मग पुन्हा भांडी.
मशीन नव्हतंच घरात. कोपऱ्यात जे होतं
ते फडकं टाकलेलं टेबल.

आईनं विडीचं तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला,
कात्री हाताशी असून दातानं तोडला.
"आवाज बंद कर," म्हणाली,
"हिला नीट सांगता येईना."
आणि कोंड्यालांच्या नव्या सुनेकडे वळून,
मान थोडी वाकडी करून,
"बघ," म्हणाली,
"आता वडिवू बोलतो..."